शिवी झालेले नाव

'मंत्रिमहोदयांनी मानभावीपणे सांगितले', 'तिने मानभावी हसून विषय बदलला', 'विरोधकांचे हे मानभावी पत्रक'. अशी वाक्ये आपण रोज वाचतो, लिहितोही. ओठांवर नम्रता आणि पोटात दुसरेच काही असणाऱ्या माणसाला मराठीत मानभावी म्हणतात. शब्द शिष्ट मानला जातो. 'ढोंगी' म्हटले तर समोरचा अंगावर येतो. 'मानभावी' म्हटले की लेखकाला सभ्यही राहता येते आणि घावही बसतो. म्हणूनच अग्रलेखकारांचा, कादंबरीकारांचा आणि सभेतल्या वक्त्यांचा हा आवडता शब्द आहे.

हा शब्द महानुभाव पंथाच्या नावावरून आला आहे. तेराव्या शतकापासून महाराष्ट्रात नांदणाऱ्या, आजही हजारो घरांत पाळल्या जाणाऱ्या एका धर्मपंथाचे नाव आपण 'अप्रामाणिक माणूस' या अर्थाने वापरतो. माझे म्हणणे सरळ आहे: हा वापर थांबवायला हवा. असे म्हटले की भाषाप्रेमी मंडळींकडून काही ठरावीक उत्तरे येतात. त्यांतली काही अभ्यासाच्या थाटात दिली जातात, काही वैतागाने. ती उत्तरे एकेक करून तपासावी, एवढ्यासाठी हा लेख.

पहिले उत्तर असे की या शब्दाचा पंथाशी काही संबंधच नाही. मान आणि भाव हे दोन शब्द जोडून तो झाला, खोटा मान देण्याचा भाव म्हणजे मानभाव, झाले. ऐकायला हे सोपे आणि सोयीचे आहे, कारण एकदा ते मान्य केले की पुढची सगळी अडचण मिटते. पण ही व्युत्पत्ती टिकत नाही. मराठीत एक जुनी म्हण आहे: करणी कसाबाची, बोलणी मानभावाची. तिची रचना पाहा. एका बाजूला कसाब उभा आहे, म्हणजे एक माणूस, एका व्यवसायाचा. त्याच्या समोर दुसऱ्या बाजूला उभा असलेला मानभाव हाही माणूसच असला पाहिजे. तिथे 'मान देण्याचा भाव' हा अर्थ घालून पाहा, म्हण कोसळते. कसाबाची करणी क्रूर आणि मानभावाची बोली मऊ, हे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असल्याशिवाय या म्हणीला अर्थच उरत नाही. ज्या समाजात ती तयार झाली त्या समाजाने मानभाव पाहिलेले होते. काळी वस्त्रे नेसून, भिक्षेची झोळी घेऊन, हळू आवाजात बोलत ते दारात येत. खेड्यापाड्यांत त्यांना मानभावच म्हणत. महानुभावचे म्हानुभाव आणि त्याचे मानभाव होणे हे मराठी जिभेच्या वळणाला धरूनच आहे. जुन्या मराठी कोशांतही मानभाव म्हणजे त्या पंथाचा माणूस, हाच अर्थ मूळचा म्हणून येतो. ढोंगी हा अर्थ लाक्षणिक, मागाहून चिकटलेला.

म्हणजे गुंतागुंत काही नाही. एका पंथाच्या साधूंची मृदू वाणी लोकांनी पाहिली, आणि ती खोटी आहे असे ठरवून टाकले. मग त्या निकालाचे विशेषण झाले.

हा निकाल कोणाबद्दल दिला गेला, ते नीट पाहायला हवे. पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी मूळचे गुजरातेतल्या भडोचचे. तेराव्या शतकात, यादवांचे राज्य भरात असताना, ते महाराष्ट्रात फिरले आणि इथल्या लोकांशी इथल्या बोलीत बोलले. त्यांचे गुरू गोविंदप्रभू विदर्भात रिद्धपूरला राहत. चक्रधरांनी आपल्या शिष्यांना सांगितले ते अगदी थोडके आणि फार अवघड होते: एका परमेश्वरावाचून दुसऱ्या देवतेची भक्ती करू नये, भिक्षा चारी वर्णांच्या घरी मागावी, कशाचा संग्रह करू नये, कोणत्याही जिवाला दुखवू नये. स्त्रियांना त्यांनी संन्यास दिला. मासिक पाळीचा विटाळ त्यांनी मानला नाही. शरीरातून इतर द्रव्ये बाहेर पडतात तसेच ते एक, असे त्यांनी आपल्या शिष्येला समजावून सांगितल्याची आठवण लीळाचरित्र या त्यांच्या चरित्रग्रंथात आहे. साडेसातशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे, आणि आजही आपल्या कितीतरी घरांत चार दिवस बाजूला बसवण्याची रीत सुरू आहे.

अहिंसेबद्दलची एक लीळा, म्हणजे त्या ग्रंथातली एक आठवण, प्रसिद्ध आहे. पारध्यांनी पाठलाग केलेला एक ससा धावत येऊन स्वामींच्या मांडीखाली लपला. पारधी आले, त्यांनी ससा मागितला. स्वामींनी त्यांना दटावले नाही की शाप दिला नाही. शरण आलेल्याला कसे देणार, असे म्हणत ते त्यांच्याशी बोलत राहिले, आणि पारध्यांचे मन वळले. पंथातल्या साधूंना पुढे शतकानुशतके जी मऊ बोलण्याची सवय लागली ती या शिकवणीतून. शब्दाने दुखावणे हीही हिंसाच, असे मानणारा माणूस हळूच बोलणार. आपल्या म्हणीने नेमकी हीच मृदुता उचलली आणि तिच्या समोर कसाब आणून उभा केला. ज्या गुणासाठी त्या लोकांनी आयुष्यभर शिस्त पाळली, तोच गुण त्यांच्या खोटेपणाचा पुरावा म्हणून वापरला गेला. यापेक्षा मोठा अन्याय एखाद्या समूहावर भाषेकडून कसा व्हावा, मला सुचत नाही. या म्हणीत कसाब समाजाचाही अपमान आहेच. आपला धंदा उघडपणे करणाऱ्या माणसाच्या माथी तिने क्रौर्य मारले आहे, आणि तेही सोडून देण्याजोगे नाही.

प्रामाणिकपणाचा प्रश्न निघालाच आहे तर लीळाचरित्राबद्दल सविस्तर बोलले पाहिजे, कारण या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त बोचणारी गोष्ट तिथे आहे. चक्रधर निघून गेल्यावर सराळे गावच्या म्हाइंभटाने त्यांच्या आठवणी गोळा करायला घेतल्या. हे काम 1278 च्या सुमाराचे, म्हणजे 1290 च्या ज्ञानेश्वरीच्याही आधीचे. मराठीतला हा पहिला गद्य ग्रंथ. म्हाइंभट विद्वान होता. मनात आणले असते तर एका जागी बसून त्याने गुरूचे एक भव्य, चमत्कारांनी भरलेले चरित्र रचले असते, आणि त्या काळात कोणी त्याला बोलही लावला नसता. त्याने तसे केले नाही. ज्याने जो प्रसंग डोळ्यांनी पाहिला, ज्याच्याशी स्वामी बोलले, त्याच्यापर्यंत तो गेला, विचारले, आणि ऐकले ते लिहून घेतले. चक्रधरांचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून ते पडताळून घेतले. पुढे धामधुमीच्या काळात मूळ पोथी हरवली, तेव्हा शिष्यपरिवाराने ती स्मरणातून पुन्हा उभी केली. आठवणी जुळल्या नाहीत तिथे त्यांनी फरक दडवला नाही. अमक्याच्या पाठात असे आहे आणि तमक्याच्या पाठात तसे, हे पोथीतच नोंदवले. आपल्याच परमेश्वराविषयी लिहिताना 'इथे आमच्यात एकमत नाही' असे लेखी ठेवणारे हे लोक आहेत.

त्या ग्रंथात शिष्य कसे दिसतात तेही पाहण्यासारखे आहे. ते रुसतात, एकमेकांचा हेवा करतात, त्यांना खाण्याचा मोह होतो, थंडीवाऱ्याला ते कंटाळतात, चुकीचे बोलून बसतात आणि स्वामींकडून ऐकून घेतात. शिष्या महदाइसेची प्रश्न विचारण्याची हौस तिथे आहे आणि तिला मिळालेली उत्तरेही आहेत. स्वतःच्या पूर्वसूरींच्या उणिवा झाकाव्या, असे या संप्रदायाला वाटले नाही. चरित्र लिहिताना इतके उघडे राहणे आजच्या आत्मचरित्रकारांनाही जड जाते. मराठीत साक्षीपुरावा जपण्याची, पाठभेद नोंदवण्याची आणि आपल्या माणसांचे दोष न लपवता लिहिण्याची सुरुवात ज्यांनी केली, त्यांचेच नाव मराठीने खोटेपणासाठी राखून ठेवले आहे.

मग हा शिक्का बसला कसा? इथे दुसरे उत्तर पुढे येते: आग असल्याशिवाय धूर निघत नाही. लोक उगाच का म्हणतील?

लोक का म्हणाले, याची कारणे इतिहासात स्पष्ट दिसतात. यादवांच्या दरबारात हेमाद्री पंडित होता. त्याच्या 'चतुर्वर्गचिंतामणी'त व्रते, दाने, तीर्थे, श्राद्धे यांचा अफाट पसारा आहे. त्याच राज्यात, त्याच वर्षांत, एक माणूस सांगत होता की या देवता, ही व्रते, ही तीर्थे मोक्षाच्या कामाची नाहीत. चक्रधरांचा छळ झाला आणि त्यामागे हेमाद्रीसारखी दरबारातली माणसे होती, असे पंथाची परंपरा सांगते. तो तपशील बाजूला ठेवला तरी दोन जगण्यांतला विरोध लपत नाही. ज्यांची प्रतिष्ठा कर्मकांडावर उभी होती त्यांना हा पंथ नकोसा असणे स्वाभाविक होते. पुढे भक्तिपरंपरेतूनही त्यांच्यावर टीका झाली, कारण पंचकृष्णांखेरीज, म्हणजे पंथाने मानलेल्या परमेश्वराच्या पाच अवतारांखेरीज, इतर देवतांना हात न जोडणारे हे लोक विठ्ठलभक्तांनाही परके वाटत. एकोणिसाव्या शतकातल्या वऱ्हाडाविषयीच्या इंग्रजी नोंदींत तर मानभाव म्हणजे 'मांग-भाऊ' अशी एक दंतकथा उतरली आहे, तीत पंथाच्या संस्थापकाच्या नावावर एक बदनामीची गोष्ट रचलेली आहे. पंथाला खाली ओढण्यासाठी एका दलित जातीचे नाव शिवीसारखे वापरायचे, असा तो दुहेरी अपमान होता. आग होती ती अशी होती. धूर मात्र ज्यांना भाजले त्यांच्याच नावावर जमा झाला.

यात एक बारकावा आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. या पंथाच्या विरोधकांना त्यांच्याशी वाद घालता आला असता. देव एकच की अनेक, विटाळ खरा की खोटा, स्त्रीला संन्यास असावा की नसावा, यावर तोंडातोंडी होऊ शकली असती. तशी झालीही असेल. पण 'तू चुकतोस' असे म्हणण्यापेक्षा 'तू खोटा आहेस' असे म्हणणे फार स्वस्त पडते. चुकत असल्याच्या आरोपाला पुराव्याने उत्तर देता येते. खोटेपणाच्या आरोपाला उत्तरच नसते, कारण आरोपीने जितक्या शांतपणे उत्तर द्यावे तितका तो अधिक खोटा ठरतो. मानभावी या शब्दात हा सापळा पुरता बसवलेला आहे. चिडून बोललात तर तुमची सौम्यता ढोंगी होती हे सिद्ध झाले; सौम्य राहिलात तर पाहा, कसा मानभावीपणे बोलतो आहे!

काही जाणकार सांकेतिक लिप्यांचा दाखला देतात. महानुभावांनी आपल्या पोथ्या सकळ, सुंदरी अशा लिप्यांत लिहिल्या, अक्षरांच्या जागा बदलून मजकूर बाहेरच्यांना वाचता येणार नाही असा केला. मग लपवण्यासारखे काहीतरी असलेच पाहिजे, असा त्यांचा तर्क. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी ही लिपी उलगडली आणि पुढे भावे, य. खु. देशपांडे, ह. ना. नेने, वि. भि. कोलते यांच्यासारख्या अभ्यासकांनी ते भांडार मराठी वाचकांपुढे मांडले. काय निघाले त्या कुलूपबंद पोथ्यांतून? स्तोत्रे, आख्यानकाव्ये, गुरूंच्या आठवणी, तत्त्वज्ञानाची सूत्रे, स्थळांची वर्णने. नरेंद्राचे 'रुक्मिणीस्वयंवर' निघाले, भास्करभट्टांचा 'शिशुपाळवध' निघाला, महदाइसेचे धवळे हाती आले, केशोबासांचा 'सूत्रपाठ' मिळाला. ज्याला गुपित म्हणत होतो ते मराठीचे प्राचीन वाङ्मय होते. पोथी वैऱ्याच्या हाती पडून तिची विटंबना होऊ नये म्हणून तिला कुलूप लावणारा माणूस अप्रामाणिक होत नाही. आपल्या शेजाऱ्यांचे भय वाटण्याजोगी परिस्थिती त्याच्या भोवती होती, एवढेच त्या कुलपावरून कळते.

याला जोडूनच आणखी एक आक्षेप येतो, आणि तो खरोखर विचार करण्याजोगा आहे. गृहस्थाश्रमातले अनुयायी, ज्यांना पंथात वासनिक म्हणतात, ते घरी-दारी जातिरिवाज पाळत, लग्नकार्ये चारचौघांसारखी करत, आणि श्रद्धा मात्र वेगळी ठेवत. आत एक आणि बाहेर एक असे हे जगणे झालेच ना? आक्षेपात तथ्याचा भाग आहे. पण ज्या गावात बहिष्कृत झाल्यावर विहिरीवरचे पाणी बंद होते, मुलीचे लग्न अडते, मेलेल्याला खांदा मिळत नाही, त्या गावात वरवरच्या गोष्टींत तडजोड करून आपली श्रद्धा जपणे याला दांभिकपणा म्हणत नाहीत. दांभिक माणूस लाभासाठी सोंग घेतो. स्वतःजवळ नसलेली श्रद्धा तो दाखवतो. इथे उलट घडत होते: जवळ असलेली श्रद्धा लोक दाखवू शकत नव्हते. हे दोन प्रकार एकाच शब्दात कोंबणाऱ्याने माणसांची पारख करण्याचा हक्क गमावला आहे.

आता तिसऱ्या उत्तराकडे येतो. ते सर्वांत अधिक ऐकू येते. आता कोणाच्या मनात पंथ असतो का? शब्द घासून गुळगुळीत झाला आहे, मूळ अर्थ मेला आहे, वापरणाऱ्याचा हेतू वाईट नाही, मग बिघडले काय?

वापरणाऱ्याच्या मनात पंथ नसतो, हे मला मान्य आहे. ऐकणाऱ्याच्या मनात असतो. एखाद्या आश्रमात वाढलेली, घरी रोज 'दंडवत प्रणाम' म्हणून वडीलधाऱ्यांना वंदन करणारी मुलगी शाळेत समानार्थी शब्द पाठ करते तेव्हा मानभावी या शब्दापाशी तिला काय वाटत असेल, याची कल्पना करायला फार संवेदनशील असावे लागत नाही. मूळ अर्थ मेला आहे, असे कोण म्हणू शकतो? ज्याच्या नावाचा तो अर्थ आहे तोच. बाकीच्यांनी फक्त त्याची आठवण ठेवलेली नाही, आणि आपल्या विस्मरणाला अर्थाचा मृत्यू म्हणणे बरोबर नाही. पंथ जिवंत आहे. रिद्धपूरला, माहूरला, फलटणला त्याची स्थाने आहेत, यात्रा भरतात, तरुण स्त्री-पुरुष आजही संन्यास घेतात. पंजाबातले अनुयायी स्वतःला जयकृष्णी म्हणवतात, आणि त्यांच्या धर्मग्रंथांची भाषा मराठी आहे. मराठीच्या पोटी जन्मलेला आणि मराठी दूरदेशी घेऊन गेलेला समाज आपल्यातच वावरत असताना त्याच्या नावाचा अर्थ मेला आहे, असे त्याच्या तोंडावर सांगायचे?

आणि ही गोष्ट एकट्या मराठीत, एकट्या याच शब्दाबाबत घडली असे नाही. विचाराने वेगळ्या माणसाला लबाड ठरवण्याची आपल्याकडची परंपरा लांबलचक आहे. पाखंड हा शब्द घ्या. अशोकाच्या लेखांत 'पासंड' हा साधा, निर्मळ शब्द आहे. त्याचा अर्थ धर्मपंथ, संप्रदाय, कोणताही. बाराव्या शिलालेखात राजा सांगतो की तो सर्व पासंडांचा मान राखतो, आणि लोकांनीही जीभ आवरावी, आपल्या पासंडाची फाजील स्तुती आणि दुसऱ्याच्या पासंडाची निंदा टाळावी. त्यानंतर धर्मशास्त्रांत आणि पुराणांत तोच शब्द वेदबाह्य माणसासाठी आला, निंदेच्या सुरात. पुढच्या पायरीवर पाखंडी म्हणजे सरळ ढोंगी. पंथ या अर्थाच्या शब्दाचा आधी 'चुकीचा पंथ' झाला आणि मग 'लुच्चा माणूस'. अशोकाची 'देवानांप्रिय' ही बिरुदावलीही सुटली नाही. संस्कृत व्याकरणकारांनी तिचा मूर्ख असा अर्थ नोंदवला. ज्यांच्या विचारांशी भांडायचे त्यांचे नावच बिघडवून टाकायचे, ही रीत दोन हजार वर्षांत बदललेली नाही. महानुभाव या शब्दाची तर दोन तुकड्यांत वाटणी झाली आहे. पूर्ण रूप आजही आदराचे आहे, सभेत एखाद्याला 'महानुभाव' म्हटले तर तो सुखावतो. झिजलेले रूप शिवी झाले. शब्दकोशात जे मोठ्या मनाचे, तेच बोलीत लबाड.

चौथे उत्तर भीतीचे आहे. असे शब्द वगळत गेलो तर भाषेत उरेल काय, प्रत्येक शब्दाच्या मुळाशी कोणाचे तरी रक्त निघेल. ही भीती वस्तुस्थितीला धरून नाही. मराठीने असे शब्द आणि म्हणी याआधीही सोडल्या आहेत, आणि त्यामुळे ती लंगडी झालेली नाही. जातीवरून अपमान करणाऱ्या कितीतरी म्हणी आपल्या आजोबांच्या पिढीत सर्रास बोलल्या जात. आज सुशिक्षित मराठी माणूस त्या चारचौघांत उच्चारत नाही, पाठ्यपुस्तकांत त्या छापल्या जात नाहीत. 2020 च्या डिसेंबरात महाराष्ट्र मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. तेव्हाही नावात काय आहे, असे म्हणणारे होते. नावात काय आहे ते त्या वस्तीत राहून पत्ता सांगणाऱ्याला विचारायचे असते. मी प्रत्येक शब्दाची चौकशी लावा असे म्हणत नाही. जिथे जिवंत समाजाचे नाव दुर्गुणाचे नाव म्हणून वापरले जाते, तिथेच थांबायचे आहे. असे शब्द बोटांवर मोजण्याइतके आहेत.

राहिले पाचवे उत्तर, आणि लेखकांच्या तोंडी तेच असते: या शब्दाची छटा दुसऱ्या कशात नाही. मराठीवर हा अविश्वास कशासाठी? खोटेपणाच्या बाबतीत आपली भाषा विलक्षण श्रीमंत आहे. मनात नसलेली श्रद्धा मिरवणारा दांभिक. देवाधर्माच्या नावावर लोकांना लुबाडणारा भोंदू. दोन्हीकडे वेगवेगळे बोलणारा दुटप्पी, आणि दोन्हीकडे आग लावणारा असेल तर दुतोंडी. कामापुरता गोड वागणारा मतलबी. मोठ्यांच्या पुढे लाळघोटेपणा करणारा तोंडपुजा. जे मनात नाही ते केवळ शिष्टाचारापोटी बोलणे म्हणजे तोंडदेखले बोलणे. आणि मानभावीच्या अगदी जवळचा, मला तर त्याहून सरस वाटणारा, शब्द म्हणजे साळसूद. सगळे करून सवरून नामानिराळा राहणारा, चेहऱ्यावर निष्पापपणा आणून 'मी तर काहीच केले नाही' म्हणणारा. 'मंत्रिमहोदयांनी साळसूदपणे सांगितले' हे वाक्य लिहून पाहा. काय कमी पडले? उलट नेमके झाले, कारण साळसूद या शब्दात कृती लपवण्याचा अंश आहे आणि मंत्रिमहोदय बहुधा तेच करत असतात. गोडबोल्या, बेगडी, वरपांगी, कावेबाज हे आणखी आहेत. बकध्यान आहे. जिथे गोड शब्दांनी मन वळवले जाते तिथे 'साखरपेरणी' आहे. लेखक ज्याला छटा म्हणतो ती बरेचदा सवय असते. हाताशी असलेला शब्द उचलण्याऐवजी क्षणभर थांबला तर त्याला अधिक अचूक शब्द सापडतो, असाच अनुभव आहे.

'पंथातल्या लोकांनी कधी तक्रार केली आहे का?' हाही प्रश्न विचारला जातो. प्रश्न विचारणाऱ्यांनी त्यांचे म्हणणे ऐकायचा प्रयत्न किती केला, हे त्यांनी सांगावे. आणि समजा, तक्रार आली नाही. कोणालाही शब्दाने दुखवू नये अशी ज्यांची शिकवण आहे, त्यांनी रस्त्यावर येऊन आरडाओरडा केला नाही, म्हणून त्यांचे नाव वापरत राहायचे का? अपमान सोसणाऱ्याने आधी आवाज चढवावा आणि मग आम्ही विचार करू, ही अट सभ्य समाजाची नाही.

3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या दिवसांत सगळीकडे लीळाचरित्राचे नाव घेतले गेले. मराठीतला आद्य गद्यग्रंथ म्हणून भाषणांत त्याचा गौरव झाला. मराठी भाषा विद्यापीठ उभारायचे ठरले तेव्हा जागा निवडली ती रिद्धपूरची, अमरावती जिल्ह्यातल्या त्याच गावाची, जिथे गोविंदप्रभू राहिले आणि जिथे म्हाइंभटाचे लेखन झाले. योग्य निवड होती. नागदेवाचार्यांनी केशोबासांना संस्कृतात लिहिण्यापासून परावृत्त केले, कारण मग आपल्या म्हाताऱ्या शिष्या त्या ज्ञानापासून वंचित होतील, ही त्यांची काळजी होती. ती आठवण ज्यांनी जपली त्यांच्या गावात मराठीचे विद्यापीठ असावे हे उचितच आहे. पण एका हाताने त्यांना भाषेचे आद्य ग्रंथकार म्हणायचे आणि दुसऱ्या हाताने त्यांचे नाव लबाडीला लावायचे, हे दोन्ही एकाच वेळी चालवता येणार नाही.

काय करावे, याविषयी माझ्या अपेक्षा मोठ्या नाहीत. जुन्या साहित्यातला शब्द खोडू नये. ज्या लेखकाने जे लिहिले ते तसेच राहावे, इतिहास म्हणून ते वाचले जाईल. कोशातूनही तो काढू नये. काढला तर हा सगळा इतिहासच पुसला जाईल. कोशकारांनी नोंदीत स्पष्ट लिहावे की हा अर्थ महानुभाव पंथाच्या द्वेषातून आलेला, अवमानकारक आहे. 'करणी कसाबाची' ही म्हण शालेय म्हणींच्या याद्यांतून वगळावी, आणि समानार्थी शब्दांच्या तक्त्यात ढोंगी या ओळीपुढे मानभावी छापू नये. वर्तमानपत्रांच्या संपादकांनी आपल्या शैलीपुस्तिकेत एक ओळ घालावी. नव्या कोशाचे काम कोणी हाती घेणार असेल तर रिद्धपूरच्या विद्यापीठाने पहिल्या नोंदींत ही नोंद घ्यावी, आणि ती लिहिताना पंथातल्या अभ्यासकांना सोबत बसवावे.